बंद मागांमध्ये, मोठ्यानं

आप्पा गेले तेव्हा मी शाळेत मुलांना फळ्यावर गणित सोडवून दाखवत होते. फोनवर त्यांची बायको, कमलाक्का, एवढंच म्हणाली, "आमचं मालक गेलं गं." इतक्या हळू, की मला दोनदा विचारावं लागलं. त्या घरात हळू बोललेलं मी कधी ऐकलंच नव्हतं...

वडगावात यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेली माणसं ओरडूनच बोलतात. आप्पाही साड्या विणणारे, त्यातलेच. साडीला गिऱ्हाईक मिळेना, तसे गल्लीतले माग एकेक करून बंद पडले. माणसं दारात नुसती बसून राहू लागली. आप्पांनी त्यांनाच आपल्या शेडमध्ये बोलावलं आणि बंद मागांमध्ये उभं करून नाटक बसवलं. संहिता नाही, पडदा नाही. ज्यानं त्यानं मागाजवळ उभं राहून आपलं सांगायचं. पण सगळे ओरडत होते! पाल चुकचुकली तरी ऐकू आली असती अशी शांतता, आणि शेजारी उभ्या बायकोशीसुद्धा बोलणं बेंबीच्या देठापासून. मी तालमींना मदतीला जायचे, आणि पडले नाट्यशिबिरं केलेली शहाणी. म्हटलं, "आप्पा, आवाज खाली आणा. हसं होईल."

"का आणू?" ते उसळले. "माग बंद पडलं म्हणून आमी बी गप बसायचं व्हय? ह्यो आवाजच नाटक हाय!"

नाट्यस्पर्धेत परीक्षकांनीही माझीच री ओढली: अभिनय भडक, आवाजावर ताबा नाही. आप्पांनी पुढचा प्रयोग थेट संकेश्वरच्या बाजारात लावला. मिरची विकणारी एक बाई ताडकन उठली आणि तेवढ्याच मोठ्यानं म्हणाली, "आमचं बी आसंच झालंय की!" मग तीच बोलत राहिली, आमचे नट ऐकत राहिले. त्या दिवशी मला माझ्या शहाणपणाची लाज वाटली. हे आप्पांना सांगायचं राहून गेलं, याचा अजून राग येतो... माझाच.

दिवसकार्य झाल्यावर परवा आम्ही शेडमध्ये जमलो. नाटक पुढे चालवायचं की मंडळ मोडायचं, ठरत नव्हतं. "आप्पांबिगर कशाला आता?" कुणीतरी पुटपुटलं. सगळेच कुजबुजत होतो, मीही. तालमीला आप्पा शेवटच्या मागाजवळ स्टूल टाकून बसायचे. त्या स्टुलावर कमलाक्का येऊन बसली होती. तिनं पदर खोचला आणि त्यांच्यासारखीच ओरडली, "काय बी ऐकू येत न्हाय रं!"

मी उठले, पहिल्या मागाजवळ गेले आणि नाटकातलं पहिलं वाक्य घेतलं. बेंबीच्या देठापासून.