डाव्या कुशीवर

आमच्या विद्यापीठाच्या नव्या कौशल्य प्रयोगशाळेत एक रबरी पुतळा आहे. धड आणि डोकं, हात नाहीत. बटण दाबलं की त्याच्या छातीत हृदयाचे निरनिराळे आवाज सुरू होतात आणि विद्यार्थी ते ऐकून आजार ओळखायला शिकतात. पाहुणे आले की मी त्यांना तिथे नेतो. पुतळ्याला धाप लागत नाही आणि त्याला कुशीवर वळवावं लागत नाही.

त्याच्या आधी हे काम वेल्ह्यापलीकडच्या पासली गावचे एक शेतकरी करत असत.

मी मुळात वर्तमानपत्रातला. बातमीदारी, मग पत्रकारितेचं अध्यापन, मग प्रशासन आणि शेवटी कुलगुरूपद, अशा क्रमाने इथे आलो. माझ्या काळात विद्यापीठ वाढलं ते आरोग्यशिक्षणात. नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आमचं रुग्णालय होतं. त्याला वैद्यकीय महाविद्यालय मी येण्याआधीच जोडलेलं होतं, मग नर्सिंग आलं, मग फिजिओथेरपी. जागा वाढत गेल्या तशी वसतिगृहं उताराने वर चढत गेली. 'वाढ' हा शब्द माझ्या प्रत्येक भाषणात असे. तो खराही होता.

वैद्यकीय परीक्षा नुसत्या लेखी उत्तरांवर होत नाही. विद्यार्थ्याला एका खऱ्या रुग्णापाशी बसवतात. त्याने विचारायचं, तपासायचं, आजार ओळखायचा आणि परीक्षकांना सांगायचा. या रुग्णाला 'केस' म्हणतात. रुग्णाने स्वतःचा आजार सांगायचा नाही, असा नियम असतो. ज्यांची लक्षणं ठळक आहेत अशी माणसं विभागाला माहीत असतात. परीक्षा आली की त्यांना निरोप जातो.

पहिल्या वर्षी परीक्षा पाहायला वॉर्डात गेलो तेव्हा खिडकीजवळच्या खाटेवर हे गृहस्थ बसले होते. पन्नाशी ओलांडलेले, हडकुळे, डोक्याला टोपी. सगळा विभाग त्यांना मामा म्हणत असे.

"तुमी नवं सायब व्हय?" त्यांनी विचारलं. "मग कान आना की."

ते स्टेथोस्कोपला कान म्हणत. मेडिसिन विभागाच्या प्रमुख शेजारी उभ्या होत्या. त्यांनी हसून आपला स्टेथोस्कोप माझ्या हातात दिला. मी तो कानात उलटा घातला. मामांनी तो काढायला लावून सरळ करवला आणि स्वतःच डाव्या कुशीवर वळले.

"असं झालं की नीट ऐकू येतं. श्वास सोडून थांबतो. आता ऐका."

मला एक खोल, खरखरीत घरघर ऐकू आली. लांबच्या घाटात एखादा भरलेला टेम्पो पहिल्या गिअरमध्ये चढत असावा तशी. थोडी थांबे, पुन्हा चढू लागे.

"घावला?" मामा म्हणाले. "पोरास्नी म्या सांगत न्हाई, नियम हाय. पन एखादं लईच भेदरलेलं असलं, की आपसूक डावीकडं वळतो. मग त्याला बी उजेड पडतो."

"मामांनी आमचे निम्मे डॉक्टर पास केलेत," प्रमुख म्हणाल्या.

"निम्मं कसं? सगळं. जे नापास झालं त्ये बहिरं."

बाहेर आल्यावर मी जुन्या सवयीने विचारलं, "हा आजार बरा होतो का?"

लहानपणी येऊन गेलेल्या तापामुळे मामांच्या हृदयाची एक झडप आखडली होती. मांडीतल्या शिरेतून नळी नेऊन, तिच्या टोकावरचा फुगा फुगवून ती रुंद करता येते. प्रमुखांनी हे मला साध्या शब्दांत सांगितलं. त्यांच्याशी त्याबद्दल बोलणं झालंय, सरकारी योजनेत बसतंय, गोळ्या चालू आहेत, पण ते तयार होत नाहीत. मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि सर, झडप उघडली की हा आवाज जाईल. असे आवाज आता फारसे मिळत नाहीत."

त्यात लबाडी नव्हती. एका शिक्षिकेने दिलेली ती माहिती होती. मी ती ऐकून घेतली आणि पुढच्या बैठकीला गेलो.

त्या वर्षीच्या दीक्षान्त भाषणात मी मामांचा उल्लेख केला. डोंगरातला एक शेतकरी आमच्या मुलांना हृदय ऐकायला शिकवतो, असं वाक्य होतं. टाळ्या पडल्या.

दुसऱ्या वर्षी मामांबरोबर त्यांची बायको आली. ती आत येत नसे. वॉर्डाच्या दाराबाहेर भिंतीला टेकून उभी राही. मी कोण हे तिने शिपायाकडून विचारून घेतलं असावं. मी जवळ येताच तिने पदर सारखा केला.

"सायब, एक इचारू? तुमच्या कालिजात ह्येंच्या छातीला रोज धा-धा जन कान लावत्यात. त्यातला एक बी म्हनत न्हाई, की ह्येंला बरं करू."

"डॉक्टरांनी त्यांना सांगितलंय. ते नको म्हणतात."

"त्ये म्हनत्यात न्हाई, आन तुमी ऐकता. बाकी कोन ऐकतं हो त्येंचं? आमी घरात ऐकत न्हाई." ती हसली नाही. "आवंदा राबाला फांद्या तोडायला म्या एकलीच गेले. ह्ये चढावर बसत्यात. रातीला दोन उश्या घेऊन झोपत्यात."

राब म्हणजे भाताची रोपं करण्यासाठी पालापाचोळा पसरून भाजलेली जमीन. फांद्या डोंगरावरून आणाव्या लागतात. हे मला माहीत होतं. दोन उशांचा अर्थ माहीत नव्हता.

मी आत जाऊन मामांना विचारलं. त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"फुगा घातल्यावर ह्यो आवाज ऱ्हाईल का?"

"नाही."

"मग परीक्षेला तुमी मला बोलावनार का?"

मी खिडकीबाहेर पाहिलं.

"बगा. गावात मला कोन पुसतंय? सोसायटीच्या मीटिंगला बी बोलावत न्हाईत. हितं उद्याचं डाक्टर माज्याफुडं खाली मान घालून बसत्यात. मोठं सायब लोक पुन्याहून येत्यात, म्हनत्यात, काय सुंदर केस हाय. सुंदर म्हनत्यात, सायब. मला. बायकोनं बी कधी म्हटलं न्हाई."

दाराबाहेरून आवाज आला, "म्हननार बी न्हाई. आधी बरं व्हा."

वॉर्डातले सगळे हसले. परिचारिकाही हसली. मामांना हसता हसता ठसका लागला आणि तो लवकर थांबला नाही.

पाचव्या वर्षी वाढीव जागांची तुकडी अंतिम परीक्षेला बसली. विद्यार्थी दुप्पट, परीक्षक तेवढेच, खाटा तेवढ्याच. मार्च सुरू व्हायचा होता. वेल्ह्याच्या डोंगरांवर वणवे लागले होते. दिवसा धूर दिसे आणि अंधार पडला की उतारांवर लाल रेघ. वसतिगृहाच्या गच्चीवर राख येऊन पडत असे. मुलं परीक्षेच्या पांढऱ्या कोटांवरून ती झटकत वॉर्डात जात होती.

मामा ओळखू येत होते, पण चेहरा काळवंडला होता आणि पाय सुजले होते. खाटेचं डोकं उंच केलेलं होतं. एकामागून एक विद्यार्थी बसत होते, उठत होते. मी वॉर्डाच्या दारात उभा राहून ऐकत होतो. प्रत्येक जण परीक्षकांना तेच सांगत होता: झडप आखडली आहे, घरघर ऐकू येते, डाव्या कुशीवर जास्त स्पष्ट. परीक्षक मान डोलवत होते. वेळ कमी असल्याने रुग्णाला पुन्हा तपासण्याचं कारण कोणाला वाटत नव्हतं. खिडकीजवळची खाट, पासलीचे मामा, हे उत्तर सगळ्या वसतिगृहाला पाठ होतं.

वर्तमानपत्रात नवे बातमीदार कधी कधी निमंत्रणपत्रिकेवरून बातमी लिहून देत. कार्यक्रम ठरल्याप्रमाणे झालाच असेल, हे गृहीत धरून. बहुतेक वेळा तो झालेला असे.

दुपारी एक मुलगी परीक्षकांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मला घरघर ऐकू आली नाही."

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चष्म्यावरून पाहिलं. "पुन्हा ऐका."

ती गेली, मामांना डाव्या कुशीवर वळवलं, बराच वेळ ऐकलं, परत आली. "नाही, सर."

"दिवसभरात फक्त तुम्हालाच ऐकू आली नाही?"

बाहेर आल्यावर ती माझ्या शेजारून गेली तेव्हा रडत होती.

संध्याकाळी मामा एसटीसाठी निघाले होते. बायकोने त्यांची पिशवी घेतली होती. पायऱ्या उतरताना ते दोनदा थांबले. मला पाहून म्हणाले, "सायब, ती पोरगी रडत गेली. आज वाजत न्हाई का ह्यो?"

"बाकीच्यांना ऐकू आला."

"त्येंच्या तोंडाकडं बगितलं म्या. घावला की मानसाचं डोळं बारीक व्हत्यात. तुमचं झालं व्हतं. आज कुनाचंच झालं न्हाई."

मी म्हणालो, थांबा, मॅडमना बोलावतो. प्रमुख दुसऱ्या इमारतीत परीक्षकांबरोबर बसल्या होत्या. बायको म्हणाली, ही गाडी गेली की मग सकाळीच, आणि गुरं बांधलेली आहेत. ती दोघं फाटकाकडे गेली.

परीक्षकांची बैठक संपल्यावर मी प्रमुखांना हे सांगितलं. त्या कागद आवरत होत्या. हात थांबला.

"आवाज नाहीसा झाला म्हणजे झडप उघडली असली पाहिजे," मी म्हणालो. "पण फुगा तर घातलेला नाही."

"नाही घातलेला."

"मग?"

"झडप फारच आखडली, हृदय थकलं, की तिच्यातून रक्तच थोडं जातं. इतकं थोडं, की आवाज होत नाही." त्यांनी मोबाईल लावला. पासलीत रेंज टेकडीवर गेलं तर मिळते. तो लागला नाही.

सकाळी आम्ही दोघं विद्यापीठाच्या जीपने निघालो. वेल्ह्याच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे उतार जळून काळे झाले होते. काही ठिकाणी बुंध्यांतून अजून धूर येत होता. प्रमुख पुन्हा पुन्हा मोबाईल लावून पाहत होत्या.

मामा ओसरीवर बसले होते, भिंतीशी रचलेल्या पोत्यांना पाठ लावून. त्यांच्या बायकोने आम्हाला पाहिलं आणि हातातली बादली खाली ठेवली.

"रातभर असंच बसल्यात," ती म्हणाली. "आडवं केलं की गुदमरत्यात."

मामा उठायला लागले. प्रमुखांनी त्यांना खांद्याला धरून बसवलं. शेजारी टेकल्या, स्टेथोस्कोप काढला आणि सवयीने म्हणाल्या, "मामा, डाव्या कुशीवर व्हा."

त्यांनी प्रयत्न केला. अर्धवट वळले, तोंड उघडलं आणि पुन्हा सरळ बसले. प्रमुखांनी बसल्या जागीच छातीला स्टेथोस्कोप लावला. त्या ऐकत होत्या आणि मामा त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. ते डोळे बारीक व्हायची वाट पाहत आहेत, हे मला कळत होतं.

"वाजतोय?"

प्रमुखांनी स्टेथोस्कोप कानातून काढला. "नाही, मामा."

मामांनी पोत्यांना पाठ टेकली.

"म्हंजी पोरगी खरं बोलली."

"हो."

"मग तिला पास करा. बाकीच्यास्नी पुन्यांदा बसवा." त्यांनी हसायचा प्रयत्न केला. "बहिरं समदं."

त्यांच्या बायकोने घराला कडी घातली, शेजारणीला गुरांचं सांगितलं आणि कोणी न विचारता जीपमध्ये बसली. आम्ही मामांना मधल्या सीटवर उशीला टेकवून बसवलं. प्रमुख त्यांच्या शेजारी, मनगट धरून. मी चालकाशेजारी.

"म्याडम," बायकोने मागून विचारलं, "आता फुगा घालता यील न्हवं?"

"आधी छातीतलं पाणी उतरू दे. मग बघू."

मी बातमीदार असताना किती तरी रुग्णालयांच्या दारांत उभा राहिलो आहे. "मग बघू" हे डॉक्टर कोणत्या आवाजात म्हणतात, ते मला ओळखता येतं. तिलाही आलं असावं. तिने पुन्हा विचारलं नाही.

गावाबाहेर चढ लागला. रस्ता खडबडीत होता. चालकाने जीप पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि इंजिनाची घरघर सुरू झाली, खोल, खरखरीत. मामांनी डोळे उघडले.

"सायब," ते म्हणाले. "ऐका. असाच व्हता माजा."

"गप बसा," बायको म्हणाली. "दम लागतोय."

ते गप बसले, पण मान थोडी वळवून ऐकत राहिले. प्रमुखांनी मनगट सोडलं नाही. दोन्ही बाजूंना जळलेला डोंगर होता. मग चढ संपला, चालकाने गिअर बदलला आणि तो आवाज थांबला.