एकशे सत्तावीस काने

वेलांटीताईंचं खरं नाव छापखान्यात कुणाच्या तोंडी नव्हतं. ऱ्हस्व-दीर्घाची चूक त्यांच्या नजरेतून सुटायची नाही, म्हणून कुणीतरी कधीतरी हे नाव चिकटवलं आणि ते असं बसलं, की मालकही हाका मारताना "वेलांटी, घरून फोन!" असंच ओरडायचे. बाई रागावत नसत. राग हा त्यांचा प्रांतच नव्हता, त्यांचा प्रांत भीतीचा. दाराची कडी दोनदा लावली तरी तिसऱ्यांदा हात लावून बघायच्या, आणि देवाचं नाव घ्यायच्या तेही हळू, त्याला त्रास नको म्हणून.

काम कॉम्प्युटरवर अक्षरं लावून पानं जुळवण्याचं. एका अभ्यासमंडळाची जाड पुस्तकं त्या छापखान्यात यायची, आणि प्रत्येकाच्या शेवटी असायची लांबलचक संदर्भसूची. लेखकाने कोणकोणत्या पुस्तकांचा आधार घेतला, ती कुणी लिहिली, कधी छापली, हे सगळं पाच भाषांत, ज्या त्या लिपीत. त्यातल्या तीन लिप्या बाईंना वाचता येत नव्हत्या. त्यांनी रूपावरून नावं ठेवली होती. उजवीकडून डावीकडे जाते ती उलटी, अक्षरांच्या डोक्यावर काहीबाही असतं ती टोपीवाली, आणि वळून वळून स्वतःच्याच पोटात शिरते ती गोलमटोल. मालक आतून विचारायचे, "वेलांटी, उलटी झाली का?" आणि बाहेर बसलेलं नवीन गिऱ्हाईक दचकायचं.

वाचता न येणारं जुळवायचं, म्हणजे अंधाऱ्या खोलीत दुसऱ्याचं मूल सांभाळायचं. रडलं नाही तर ठीकच असणार, एवढ्यावर भिस्त.

एकदा ते रडलंही नव्हतं आणि ठीकही नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी कॉम्प्युटरने विचारलं, सॉफ्टवेअर अपडेट करू का? बाईंनी हो म्हटलं. पुस्तक छापून, बांधून, वाटून झालं, आणि एके दिवशी एक गृहस्थ ते पुस्तक घेऊन दारात उभे. सूचीत गोलमटोल लिपीच्या जागी सगळे रिकामे चौकोन उमटले होते. गृहस्थ चिडले नव्हते. त्यांनी पान पुढे केलं आणि शांतपणे विचारलं, "बाई, यातले माझे वडील कुठले?"

त्या प्रश्नाने बाईंची झोप कित्येक महिने उडवली. मग एका दुरुस्तीवाल्याने जुनी आवृत्ती परत टाकली, तिला कुठूनसा एक टंक, म्हणजे अक्षरांचा फॉन्ट, जोडला, चौकोन गेले, अक्षरं आली. जाताना तो म्हणाला, "आता चाललंय ना? मग हात लावू नका." बाईंनी तो शब्द देवाच्या आज्ञेसारखा पाळला. रोज सकाळी कॉम्प्युटर अपडेटचं विचारायचा, रोज त्या "नंतर" वर टिचकी मारायच्या. अकरा वर्षांत तेवीस पुस्तकं निघाली. चौकोन एकही नाही.

आणि एका सोमवारी मंडळाकडून आलेली फाईल उघडेचना. पडद्यावर सूचना, ही फाईल नव्या आवृत्तीत केलेली आहे.

"मग करा की अपडेट," मालक म्हणाले.

"मालक, नको. दुसऱ्या मशीनवर बघू या का?"

"दुसरं मशीन कुठलं? चहाचं? गुरुवारी पुस्तक छपाईला लावायचंय, वेलांटी. लेखकाचं वय काय आहे माहितीये ना तुम्हाला?"

"माहितीये म्हणूनच भीती वाटते."

"तुम्हाला कशाची वाटत नाही ते सांगा, म्हणजे यादी छोटी होईल."

मालक कागद बघायला बाहेर गेले. बाईंनी आधी जुनं सगळं दोन ठिकाणी उतरवून ठेवलं. हात जोडले. मग "हो" वर टिचकी मारली आणि पट्टी पुढे सरकेपर्यंत श्वास धरून बसल्या.

चाचणी त्यांनी मनाशी ठरवून ठेवलेली होती. मागच्या वर्षीच्या पुस्तकाची सूची नव्या आवृत्तीत पुन्हा जुळवायची, छापायची, आणि जुनं पान नव्या पानावर ठेवून दोन्ही खिडकीच्या काचेला लावायची. उजेडात अक्षरावर अक्षर बसलं की झालं. वाचता येत नसलं तरी डोळे शाबूत होते.

आपली लिपी बसली. टोपीवाली बसली. उलटीचे पृष्ठांक कुठे उलटे होतील म्हणून धाकधूक होती, तीही बसली. गोलमटोलचं पान मात्र बसेना. ओळी लांबल्या होत्या. काही अक्षरांच्या पुढे एक बारीक उभी रेघ आली होती, आपल्या कान्यासारखी, जी जुन्या पानावर नव्हती. त्यांनी पेन्सिलीने एकेक गोल केला. एकशे सत्तावीस.

"बिघडलं," त्या पुटपुटल्या. "देवा, पुन्हा बिघडलं."

जुनी आवृत्ती परत टाकायला दहा मिनिटं लागली असती. माऊसवर हात गेलाही होता. पण मग मंडळाची फाईल पुन्हा उघडली नसती, आणि ते मालकांना सांगायचं तर नुसतं "रेघा आल्या" म्हणून भागणार नव्हतं. वरच्या मजल्यावर डोळ्यांचा दवाखाना होता आणि तिथल्या सिस्टरची ती घरची भाषा. दुपारी दोनला तिची जेवणाची सुट्टी व्हायची. दोन्ही पानं घेऊन बाई जिना चढल्या.

सिस्टरने डबा बाजूला सरकवला. "या, वेलांटीताई. डोळे दाखवायला?"

"डोळे नाही गं, हे दाखवायला. या नव्यात बघ, काय काय जास्तीचं आलंय."

सिस्टरने नवं पान वाचलं. "छान आहे की. काय झालं?"

"आणि हे जुनं?"

तिने वाचायला सुरुवात केली आणि तिला हसू फुटलं. "हे कुणी लिहिलंय, बालवर्गातल्या मुलाने? अहो, आमच्यात 'ओ' लिहायचा तर अक्षराच्या आधी एक खूण आणि नंतर एक काना. नंतरचा खाल्लाय सगळीकडे. तुमच्या 'लोक'चं 'लेक' होईल ना, तसं. ही बघा, या बिचाऱ्या बाईंचं तर आडनावच पालटलंय." मग तिने वर पाहिलं आणि तिचं हसू मावळलं. "ताई? पाणी देऊ का?"

बाईंनी दोन्ही पानं परत एकमेकांवर ठेवली. नवं बरोबर होतं. जुनंच चूक होतं, दुरुस्तीवाला टंक जोडून गेला त्या दिवसापासून. ज्याला हात लावायला त्या भीत होत्या त्यानेच रोज नावं कुरतडली होती, आणि रोज सकाळी राखण करायला त्या स्वतः बसत होत्या.

मालकांनी सगळं ऐकून घेतलं, दार लोटलं आणि आवाज खाली आणला. "अकरा वर्षांत कुणी बोललं?"

"नाही."

"मग आपण कशाला बोलायचं? हे पुस्तक नीट जाऊ दे, पुढची नीट जातील. मंडळाला कळलं तर काम काढून घेतील. मग तुम्ही काय जुळवाल आणि मी काय छापीन?"

"मालक, ती माणसांची नावं आहेत."

"आणि आपण कोण आहोत?"

बाईंनी पिशवी उचलली. घरी पोळ्या लाटताना हात थांबले, तेव्हा यजमान म्हणाले, "अगं, कॉम्प्युटरला सुधारलंस, मग तोंड असं का?"

"अहो, मी सांगितलं नाही तर?"

"तर तू जेवणार नाहीस, आणि मग मलाही धड जेवू देणार नाहीस. सांगून ये."

सकाळी त्यांनी मंडळाच्या ग्रंथपालांना फोन केला. एका दमात सगळं सांगितलं. पलीकडून आवाज आला, "बरोबर नावांचा एखादा कागद घेऊन या. आत्ता."

बसमध्ये पिशवी मांडीवर घट्ट धरून त्या बसल्या. पिशवीत सिस्टरने आदल्या दुपारीच बरोबर नावं लिहून दिलेली चिठ्ठी होती. पहिलंच नाव, ते आडनाव पालटलेल्या बाईंचं.

ग्रंथपालांच्या खोलीत भिंतभर कपाटं होती. त्यांनी बसा म्हटलं नाही, बहुतेक विसरले. चिठ्ठी समोर ठेवून पडद्यावरच्या पट्टीतून एकेक अक्षर शोधून टिपलं. पडद्यावर आलं, नोंद सापडली नाही. त्यांनी एका अक्षरापुढचा काना पुसला. पुस्तक आलं. कपाट सहावं, फळी दुसरी.

"ही लिपी इथे कुणालाच येत नाही," ते हळूच म्हणाले. "पुस्तकं आली की तुमची छापलेली सूची समोर ठेवायचो आणि बघून बघून टिपायचो. म्हटलं, वेलांटीबाईंचं काम आहे, त्यात चूक नसते."

बाईंना वाटलं होतं ते ओरडतील. तेही बरं झालं असतं.

"या नावाने कुणी कधी विचारायला आलं होतं का?" त्यांनी विचारलं.

ग्रंथपालांनी चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला. "आलं असेल तर आम्ही नाही म्हणून सांगितलं असेल."

मग वेलांटीताईंनी कोपऱ्यातली खुर्ची ओढली, न विचारता बसल्या आणि पिशवीतून पेन्सिल काढली.

"सहावं कपाट उघडता का?" त्या म्हणाल्या. "मला वाचता येत नाही. पण पुस्तकाच्या पाठीवर छापलेलं नाव आणि तुमच्या नोंदीतलं नाव शेजारी ठेवून, काना गळलाय तिथे गोल करता येईल."