भरीत पार्टीत वाजलेला अल्बम

माझा हात आधी चालतो आणि डोकं मागाहून येतं, हे आमच्या नशिराबादेत शेंबड्या पोरालाही माहीत आहे. वरातीत साउंड लावणं हा माझा धंदा. त्यात पिऊन आलेले वऱ्हाडी रोजचेच, म्हणून हात चालवावाच लागतो, असं मी लोकांना सांगायचो. पण माझ्या सगळ्यात जवळच्या मित्राचा डावा कान याच हाताने कायमचा गेला. तो प्यायलेला नव्हता की वऱ्हाडीही नव्हता. त्याच्या बँडचा पहिला अल्बम मला आवडला नाही, एवढंच घडलं होतं.

मित्र धुळ्याचा. शिकायला जळगावात आला, तेव्हापासूनची आमची दोस्ती. तो गिटार वाजवायचा, बरोबर आणखी दोघं, एक ड्रमवर, त्याला मी ढोलकं म्हणायचो, आणि दुसरा बास गिटार वाजवत गाणारा. त्या प्रकाराला सायकेडेलिक रॉक म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. एकच सूर धरायचा, तो घोळवत घोळवत चढवत न्यायचा आणि शेवटी ऐकणाऱ्याचं डोकं गरगरवायचं, एवढं मला कळत होतं. त्याची गिटार चढली की माझ्या दाढांच्या मुळात कळ यायची. पुढे पुण्या-मुंबईकडे त्यांचं नाव झालं, लोक लेख लिहायला लागले, पण इकडे खान्देशात साउंड कायम माझाच.

शिरपूरला एका गॅदरिंगमध्ये त्यांनी एकच गाणं अर्धा तास लांबवलं. आयोजकांपैकी एकजण चिडून वायर उपटायला आला. मी त्याला एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा त्याच्या नाकावर ठोसा घातला. त्याच्या शर्टावर रक्त सांडत होतं आणि मागे गिटार तशीच चढत होती. पुढे माफी मागावी लागली, ती मागितली. पण गाणं पूर्ण झालं होतं आणि मला त्याचा अभिमान होता, अजून आहे.

मग अल्बम आला. पुण्याच्या स्टुडिओत सहा महिने घालवून मित्र परतला आणि म्हणाला, "पहिले तुन्हाच साउंडवर वाजाडूत. तू बरा म्हणना म्हंजे बरा." मी हुरळून गेलो. थंडीचे दिवस होते, आमच्या केळीच्या बागेत गावातल्या पोरांची भरीत पार्टी ठरवली. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या पेटवल्या, हिरवी वांगी भाजली, दोघं जण मुसळीने भरीत ठेचायला बसले. मी घरून दोन मोठे स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर आणून त्याचा फोन जोडला. मित्राला स्वतःचं गाणं चारचौघांत ऐकवत नसे. "संपलं की हाक मार," म्हणत तो पार बागेच्या दुसऱ्या टोकाला विहिरीकडे निघून गेला.

पहिलं गाणं लागलं. ढोलकं वाजतंय, बास वाजतोय, गाणारा स्वच्छ धुतलेल्या आवाजात गातोय, आणि गिटार? गिटार शेजारच्या गावात वाजत असावी इतकी लांब. वाटलं पुढच्या गाण्यात येईल. पुढच्यातही नाही. जिथे दाढेत कळ यायची तिथे नुसती पोकळी. पोरं भाकरी मोडता मोडता माझ्या तोंडाकडे बघत होती. सहावं गाणं संपेपर्यंत मी रागाने आतून जळत होतो. मला फसवल्यासारखं वाटत होतं. या पोरासाठी मी एका माणसाचं नाक फोडलं होतं, आणि हा मोठ्या लोकांत जाऊन मऊ होऊन आला.

हाक मारल्यावर तो हसत आला. "कसा शे?"

"मुडदा आहे," मी म्हणालो. "आंघोळ घालून, अत्तर लावून ठेवलेला मुडदा."

त्याचं हसू गेलं. पण तोही धुळ्याचा, तो कुठे ऐकून घेणार? म्हणाला, "तुला नाही कळायचं. लग्नात वाजवून वाजवून तुझे कान बधिर झालेत."

सगळ्यांसमोर म्हणाला. मी हाणली. उघड्या पंजाची, पूर्ण खांद्यातून आलेली, सरळ कानावर. तो वाकला, सावरला आणि त्याने भरतातली मुसळी उचलून माझ्या खांद्यावर घातली. दोघंही खाली पडलो. भरीत सांडलं, गरम राखेत माझं कोपर भाजलं. तो माझा गळा दाबत होता आणि मी त्याला मारत होतो, पुन्हा पुन्हा त्याच बाजूला, कारण माझा उजवा हात तिथेच पोचत होता. पोरांनी आम्हाला ओढून वेगळं केलं तेव्हा त्याच्या कानातून रक्ताची बारीक धार मानेवर उतरत होती. मी तरीही शिव्या देत होतो.

जळगावच्या दवाखान्यात डॉक्टरने पडदा फाटल्याचं सांगितलं. पुढे ऑपरेशन झालं, पण नुसता पडदा नव्हता, आतही मार बसला होता. कान गेला. त्याच्या आईला मी अक्का म्हणायचो, तिच्या हातचं मी वर्षानुवर्षं जेवलो होतो. तिने दवाखान्याच्या पायरीवर मला चपलेने मारलं. थकेपर्यंत मारलं. मी हात वर केला नाही. आयुष्यात एवढा एकच मार मी शहाण्यासारखा खाल्ला.

त्यानंतर दोन वर्षं आम्ही बोललो नाही. त्याने बँड सोडला, गिटार विकून टाकली आणि धुळ्यात मेव्हण्याच्या झेरॉक्सच्या दुकानात बसायला लागला. लोक म्हणायचे, एका कानाने सूर लागत नसेल बिचाऱ्याला. मीही तसंच समजत होतो.

परवाच्या उन्हाळ्यात लग्नाची ऑर्डर बोलायला रावेरला गेलो होतो. केळीच्या व्यापाऱ्याचा मुलगा मला मंडपाची जागा दाखवायला गाडीतून घेऊन निघाला, आणि गाडीत तोच अल्बम लागला. बंद कर म्हणणार, तोच माझ्या डाव्या गुडघ्याजवळच्या दारातून गिटार आली. तीच. दाढेत कळ आली. मी उजवीकडे वाकून ऐकलं, तिकडे ती जवळजवळ नव्हतीच. ढोलकं आणि बास उजवीकडे, सगळी गिटार डावीकडे, अशी त्यांनी मुद्दाम मांडणी केली होती.

मला तिथेच कळलं. वरातीत आम्ही फोनची उजव्या बाजूची लाल वायरच तेवढी लावतो आणि डाव्या बाजूची पांढरी मोकळी सोडतो. लग्नातली गाणी दोन्हीकडे सारखीच असतात, एक वायर पुरते, आणि दुसरी कुणाच्या पायात अडकते म्हणून मी तर ती गुंडाळून चिकटपट्टीच मारून ठेवायचो. त्या दिवशी बागेतही तसंच जोडलं होतं. दोन स्पीकर, दोन्हींतून फक्त उजवी बाजू. मी गाडीतच स्वतःच्या कानशिलात मारून घेतल्या, चार-पाच, चांगल्या सणसणीत. व्यापाऱ्याच्या मुलाने घाबरून गाडी बाजूला घेतली. ती ऑर्डर गेली. घरी येऊन मी हातोडीने अ‍ॅम्प्लिफायरचा चुरा केला, आणि त्यानेही काही झालं नाही.

मग कानात इअरफोन घालून तो अल्बम तीनदा ऐकला. खरं सांगतो, गिटार धरूनही तो मला आवडला नाही. चौथं गाणं जबरदस्त आहे, बाकी सगळं लवकर आटोपतं, डोकं गरगरायच्या आत संपतं. पण मुडदा नव्हता. मुडदा म्हणण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

धुळ्याला गेलो. दुकानात तो एकटाच होता. त्याच्या उजव्या बाजूला स्टूल ओढून बसलो आणि वायरीचं सगळं सांगितलं. म्हटलं, मी त्या दिवशी अर्धाच अल्बम ऐकला होता, आणि त्यावर तुझा कान घेतला. वाटलं, आता हा पेपर कापायचं पातं उचलेल. उचललं असतं तर चाललं असतं.

त्याने फडक्याने मशीनची काच पुसली. मग म्हणाला, "कान गया म्हणून गिटार नही सोडी मी. एक कानवरबी वाजाडता येस. तू मुडदा म्हणना म्हणून सोडी." आणि हळूच विचारलं, "आते तर तू बठ्ठा, पुरा अल्बम ऐका ना? कसा शे?"

बागेत हाक मारल्यावर तो हसत आला होता, तेव्हासारखाच त्याचा चेहरा झाला होता. दोन वर्षं तो याच उत्तरासाठी थांबला होता. 

"भारी शे," मी म्हणालो. "एकदम भारी."

माझा आवाज त्याच्याइतका कुणी ओळखत नाही. 

"माले मारं तव्हय तरी तू खरं बोलना व्हता," तो म्हणाला.

मग त्याने खुर्ची फिरवली आणि डावा कान माझ्याकडे करून कागद लावायला लागला. चौथं गाणं किती चांगलं आहे, बाकीच्यांत काय कमी पडलं, ते मी त्यानंतर खरं खरं सांगत होतो, बराच वेळ.