कुरूप नव्हतं ते

कुरुंद्यात कुणाच्या पायात काटा मोडला की माणूस दवाखान्यात जायचा नाही, आमच्या दारात यायचा. माझी चुलती मंजुळाकाकू उंबऱ्यावर बसायची, आलेल्याचा पाय मांडीवर घ्यायची आणि त्याला शेतातलं काहीबाही विचारता विचारता काटा काढून मोकळी व्हायची. कुरूप असलं तर दिव्यावर बिब्बा तापवायचा आणि सुईच्या टोकावर आलेलं तेल त्या घट्ट कातडीवर बराबर टेकवायचं. चार-आठ दिवसांत कुरूप वाळून निघायचं. मंजुळाचा हात गुणाचा आहे, असं गाव म्हणायचं, आणि काकूला ते ऐकायला आवडायचं. का आवडू नये? ऐन तिशीत नवरा गेला, दीड एकर हळदीवर तिनं पोरगी वाढवली. त्याबद्दल कुणी कधी चांगला शब्द काढला नाही. कौतुक झालं ते फक्त हाताचं.

पोरगी म्हणजे प्रतिक्षा. पोलीस भरतीत दोनदा थोडक्यात हुकलेली, आणि वयात बसणारी ही शेवटची भरती. उजाडायच्या आत ती शाळेच्या मैदानावर पळायला जायची. गावातली निलम आदल्या भरतीत लागली आणि जाताना आपले बूट हिला देऊन गेली. भरतीच्या पोरापोरींत हे एक खूळ आहे, निवड झालेल्याचे बूट म्हणे पायगुणाचे! निलमच्या बुटाचा नंबर पाच, हिचा सहा.

"अगं, पाय बघून बूट घ्यावा की बूट बघून पाय?" मी म्हटलं.

"दादा, निलम याच बुटात पळाली," ती हसून म्हणाली. शहाण्या पोरींनाही असं काहीतरी एक वेड असतंच.

सहा-सात महिन्यांत अंगठ्याच्या मुळाशी, पायाच्या आतल्या कडेला गाठ वर आली. लाल आणि गरम. अंगठा शेजारच्या बोटावर रेलायला लागला. ती गोळी खाऊन पळायची आणि घरी येताना लंगडायची. मैदानी चाचणीला बारा दिवस राहिले तेव्हा काकूनं तिचा पाय मांडीवर ओढला. बूट घासून घासून गाठीवर घट्टा पडला होता. काकूला तेवढाच दिसला.

"कुरूप हाय," ती म्हणाली.

"न्हाई माय, आतून दुखून राहिलंय. हाडात."

"कुरपाचं मूळ खोलच असतंय. गावाचे पाय म्या बरे केले, माझ्या लेकराचा न्हाई व्हायचा?"

प्रतिक्षा गप्प बसली. मी तिथंच चहा पीत होतो, मीही गप्प बसलो. माझ्याही वाट्याचं पाप आहे हे, म्हणून लिहून टाकतो.

बिब्बा टेकवला. गाठ तशीच. म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा, जरा जास्त वेळ. तिसऱ्या दिवशी बिब्बा उतला. पाय घोट्यापर्यंत सुजला, फोड आले, फुटले, जखमेतून पाणी वाहायला लागलं. मी दोघींना मोटारसायकलवर बसवून वसमतला हाडांच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टर माणूस शांत. कुणी जाळलं, एवढंच विचारलं. काकू म्हणाली, "म्या." ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. पायाचा फोटो काढून त्यांनी तो तिला दाखवला.

"मावशी, कुरूप म्हणजे वरची कातडी. ही गाठ सांध्याची आहे. अंगठा बोटांकडे वळत गेला की त्याच्या मुळाचं हाड बाहेर येतं. ते जाळून कसं जाईल?"

"मंग काय करायचं व्हतं?"

"आधी बूट टाकून द्यायचे होते. पुढून रुंद बूट हवा, आत बोटं हलली पाहिजेत. दुखलं की विसावा, कापडात बर्फ गुंडाळून शेक, अंगठा आणि बोटाच्या मध्ये मऊ गादी. हाड त्यानं जागेवर येत नाही, पण दुखणं आवरतं. अगदीच सहन होईना तर ऑपरेशन. हिचं तिथवर आलंच नव्हतं. नुसते बूट बदलले असते तरी ती बहुतेक पळाली असती."

मग त्यांची नजर काकूच्या पायांवर गेली. दोन्ही अंगठे तसेच वळलेले, गाठी लेकीपेक्षा मोठ्या.

"तुमचे दुखत नाहीत?"

"न्हाई. माझ्या मायचेबी असेच व्हते."

"पायाची ठेवण घरातूनच येते. तुम्ही जन्मभर मोकळी चप्पल घातली, म्हणून निभावलं."

काकूनं दोन्ही पाय लुगड्याखाली ओढून घेतले.

चाचणीच्या दिवशी प्रतिक्षा पट्टी बांधून हिंगोलीला गेलीच. मी नको म्हणालो, तिनं ऐकलं नाही. आठशे मीटरचं पळणं. अर्धं ती पळाली, मग चालली, मग मैदानातच खाली बसली. बाकीच्या पोरी तिच्या बाजूनं पळत गेल्या. मला कुंपणाबाहेरून ते बघवलं नाही.

घरी आलो तेव्हा गल्लीतल्या बाया ओट्यावर वाट बघत होत्या. शेजारच्या नीलाबाईनं विचारलं, "काय झालं गं पायाला?"

"मैदानात खड्डा व्हता," प्रतिक्षा म्हणाली. "मुरगळला."

बाया हळहळल्या. नीलाबाईनं आत हाक मारली, "मंजुळे, चोळून दे की गं तिचा पाय. तुझ्या हातानं दोन दिसांत चालंल."

काकू चुलीपासून उठून दारात आली.

"खड्डा न्हाई अन् काही न्हाई. म्या बिब्ब्यानं जाळला तिचा पाय. हाडाला कुरूप समजले."

एकेक बाई पदर सावरत उठली. दिवेलागणीपर्यंत ही गोष्ट गावभर झाली असणार, आमच्या गावाला त्यासाठी तेवढाही वेळ लागत नाही.

प्रतिक्षा आईवर कधी ओरडली नव्हती. त्या दिवशी ओरडली.

"काहून बोललीस? कुणी इचारलं व्हतं तुला?"

"खोटं कसं ऐकू, बाई?"

"माझं तर गेलंच व्हतं, माय," प्रतिक्षा म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "तुझं तरी राहावं म्हणून मी खोटं बोलले."