ब्रेकमास्तरांचा उजवा पाय

सांगते, सगळं सांगते, पण मला मध्ये थांबवू नका. आमच्या घरात थांबवायचं काम एकाच माणसाकडे होतं आणि ते काम त्यानं सव्वीस वर्षं इतकं चोख केलं की अर्धं शहर त्याला ब्रेकमास्तर म्हणतं. आमचे हे! गाडी शिकवतात. शिकणारा स्टिअरिंगवर, हे शेजारच्या सीटवर, यांच्या पायाखाली दुसरा ब्रेक आणि तोंडात एकच शब्द, "सावकाश." आवाज चढवायचा नाही, कपाळाला आठी पडू द्यायची नाही. शिकणाऱ्याला वाटायचं, वा, मास्तर किती निवांत बसलेत! निवांत कसले? उजवा पाय सतत तयारीत.

आणि तो पाय घरी आला तरी सुटी घ्यायचा नाही. मी जिना धाडधाड उतरले की सोफ्यावर बसल्या बसल्या यांचा पाय जमिनीवर दाबला जायचा. लेक शाळेच्या घाईत घास कोंबायला लागली की टेबलाखाली पाय. एकदा सिनेमाला गेलो. पडद्यावर गाड्यांचा पाठलाग सुरू झाला आणि यांनी पुढच्या खुर्चीला इतक्या लाथा घातल्या की पुढचा माणूस मध्यंतरात भांडायलाच आला. आम्ही माय-लेकी हसून हसून बेजार. हसलो खऱ्या, पण त्या पायाला विश्रांती कधी मिळते, हे आम्ही दोघींनी कधी विचारलं नाही. याची मला आज लाज वाटते.

मलाही गाडी शिकायची होती. यांनी शिकवणी सुरू केली त्याच्या दुसऱ्याच वर्षी म्हटलं, "अहो, मला शिकवा की." तर म्हणाले, "घरच्या माणसाला शिकवायचं नाही, आमच्या धंद्यात तसं करत नाहीत." मग पुढं दर दोन-तीन वर्षांनी मी विचारायची आणि हे तेच उत्तर द्यायचे. मी चिडले. आणि चिडले की मी नुसती धुसफुसत बसणाऱ्यातली नाही, एवढं आत्ता सांगून ठेवते.

चार महिन्यांपूर्वीची गोष्ट. यांच्याकडे एक दातांचे डॉक्टर शिकायला येत होते. दुसऱ्याच्या तोंडात अवजारं घालताना ज्याचा हात हलत नाही, त्या माणसाचे स्टिअरिंगवर दोन्ही हात थरथरायचे. बाजाराजवळच्या गोल चौकात एक म्हातारी संत्र्यांची पिशवी घेऊन रस्त्यात उतरली आणि डॉक्टरसाहेबांनी ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटर दाबला. यांचा पाय पडला. गाडी म्हातारीपासून वीतभर अंतरावर उभी राहिली. म्हातारीनं दोघांचा यथेच्छ उद्धार केला आणि रस्ता ओलांडून गेली. एक संत्रंसुद्धा खाली पडलं नाही.

यांनी डॉक्टरांना दवाखान्यापर्यंत सोडलं. "पुढच्या वेळी सावकाश," म्हणाले. घरी आले, गाडीची किल्ली फ्रिजवर ठेवली. आणि मग तिला हात म्हणून लावला नाही.

आता मला सांगा, झालं काय होतं? काहीच नाही! तेच तर कळेना. काही झालं असतं तर रडता आलं असतं, कुणाला दोष देता आला असता. इथं हे दिवसभर खिडकीशी बसायचे. दाढी वाढली. ताटातलं ताटात राहायचं. डोळा लागला की दहा मिनिटांत पाय झटकून दचकून उठायचे. दुसरा कुणी चालवत असेल अशा गाडीत पाय ठेवीनात, बसमध्येसुद्धा नाही. कुठंही जायचं तर पायी. शिकवणीच्या गाडीवर कव्हर चढलं. फोन मीच घ्यायची आणि मीच खोटं बोलायची, "सर बाहेरगावी गेलेत."

आमच्या घरच्या डॉक्टरांनी सगळं तपासलं. हृदय, रक्त, साखर, सगळं उत्तम. थोरल्या नणंदबाई आल्या, भावाच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "काही नाही, दमलाय. आराम करू दे." अहो वन्सं, आरामच तर जमत नव्हता ना!

मग एका दुपारी मी यांच्यापुढं चहा ठेवला. कपाकडे न बघता हे म्हणाले, "मला कुणाचंच काही नको वाटतं. शिकवणं नको, माणसं नकोत." जरा थांबले आणि म्हणाले, "तूसुद्धा."

एकतीस वर्षांच्या संसारात आम्ही कडाकडा भांडलो असू, पण हे असं थंडपणे कधी ऐकलं नव्हतं. मी मोरीत गेले, नळ सोडला आणि रडून घेतलं. मग तोंड पुसून लेकीला फोन लावला. म्हटलं, "तुझा बाप हातातून चाललाय. काहीतरी कर."

लेकीनं एक बाई शोधल्या. मनाचे उपचार करणाऱ्या. मला वाटलं, ह्या नुसत्या बोलणार. बोलायला घरी मी आहेच की! पण गेलो. दोन मैल पायी. औषधाच्या दुकानावरची एक खोली, दोन खुर्च्या, एक जाड सतरंजी आणि दाराशी टोपलीभर लोकरी मोजे. बाईंकडे बूट बाहेर काढायचे आणि मोजे घालून आत यायचं. मी त्यांचं नाव लगेच ठेवून टाकलं, मोजेवाल्या बाई.

मोजेवाल्या बाईंनी "काय त्रास होतो?" असं विचारलंच नाही. आधी डॉक्टरांचे कागद नीट वाचले. मग विचारलं, झोपता किती, जेवता काय, शेवटचं खळखळून कधी हसलात, मान कुठल्या बाजूला अवघडते, दिवसातून एकटे किती चालता. मी म्हटलं, "बाई, तुम्ही मनाच्या ना?" तर म्हणाल्या, "मन काय वेगळ्या पिशवीत ठेवलेलं असतं? माणूस अख्खा आला, तर अख्ख्यालाच बघायला नको?" मला बाई तिथंच आवडल्या. हे मात्र ठोकळ्यासारखे बसलेले.

बाईंची नजर यांच्या पायावर होती. खाली रस्त्यावर हॉर्न वाजला की मोज्यातला पाय सतरंजीवर दाबला जायचा. चार-पाच वेळा झाल्यावर बाईंनी हळूच विचारलं, "या पायानं किती माणसं वाचवली असतील?"

हे म्हणाले, "मोजली नाहीत."

"आणि वाचवल्यावर घरी येऊन कुणाला सांगितलं?"

"सांगण्यासारखं काय असतं त्यात? काही झालेलंच नसतं."

एवढंच बोलले. मग हा माणूस असा रडला, असा रडला! मी उठायला लागले, तर बाईंनी नुसता हात दाखवला आणि मी बसले. मलासुद्धा थांबवणारं कुणी भेटलं म्हणायचं.

मग सुरू झाला अभ्यास. सतरंजीवर पाठीवर पडायचं, उजवं पाऊल भिंतीला लावायचं आणि दहा आकडे होईपर्यंत जीव खाऊन दाबायचं. मग सोडायचं. दाबायला हे पटाईत! भिंतीचा रंग उडाला. पण "सोडा" म्हटलं की सुटेचना. पोटरी कडक ती कडकच. बाई म्हणाल्या, "दाबायचं तुम्हाला कुणी शिकवायला नको. सोडणं शिकायचंय, त्याला वेळ लागेल, आणि किती लागेल ते मी आज सांगू शकत नाही." घरीही तोच धडा, सकाळ-संध्याकाळ. शिवाय रोज तासभर एकट्यानं चालायचं, वेळेवर जेवायचं आणि दिवसातून एक वाचलेला अपघात मला सांगायचा. बापरे, काय काय ऐकलं मी! ट्रक, म्हशी, उतारावरून सुटलेली बाळाची गाडी. सव्वीस वर्षं हा माणूस रोज मरणाच्या दारातून घरी येत होता आणि मी विचारत होते, दूध आणलंत का?

हळूहळू ताट रिकामं व्हायला लागलं. एक दिवस दाढीही झाली. पण झोप काही येईना.

सहाव्या खेपेला बाईंनी मला शेजारी बसवलं आणि यांना म्हणाल्या, "आता एकदा दुसऱ्याच्या भरवशावर बसून बघायचं. ज्या गाडीत तुमच्या पायाखाली ब्रेक नाही अशा गाडीत. घरात गाडी कोण चालवतं?"

"लेक चालवते," हे म्हणाले, "पण ती परगावी असते. गाडी आमच्याकडे ठेवून जाते. बाकी कुणी नाही."

मी म्हटलं, "मी चालवते."

हे माझ्याकडे बघतच राहिले. म्हटलं आता लपवून काय उपयोग! पर्समधून लायसन्स काढलं आणि सतरंजीवर ठेवलं. तीन वर्षं जुनं. चष्मिसकडे शिकले होते. चष्मिस म्हणजे यांचाच जुना विद्यार्थी, ज्यानं यांच्याच शाळेसमोर स्वतःची शाळा उघडली तो. मी भजनाला जाते सांगून जायची तिकडं.

आता आकाश कोसळणार असं मला वाटलं. यांनी लायसन्स उलटसुलट केलं आणि विचारलं, "पहिल्याच परीक्षेत?"

"पहिल्याच."

"हं," म्हणाले. मोजेवाल्या बाई खिडकीकडे तोंड करून हसत होत्या.

तर ठरलं. लेकीची छोटी निळी गाडी, मी स्टिअरिंगवर, हे शेजारी, उजव्या पायातला बूट काढून. पहिल्या दिवशी कोपऱ्यापर्यंतसुद्धा पोचलो नाही. "ब्रेक! ब्रेक!" असे ओरडले, दार उघडलं आणि एका पायात बूट घालून तरातरा घरी चालत गेले. माझं डोकं फिरलं. घरात शिरले ती ओरडतच, "कुणाकुणाच्या शेजारी बसलात तुम्ही! थरथरणारे, आंधळे, अर्धवट! आणि माझ्याच शेजारी बसवत नाही? तुमचा तो पाय म्हणजे माझा अपमान आहे!"

हे खुर्चीत बसले. मग म्हणाले, "त्यांचं काही झालं तर मी आहे. तुझं काही झालं तर मी काय करू? म्हणून तर शिकवलं नाही तुला."

पंचवीस वर्षं धंद्याचा नियम म्हणून ऐकत आले होते मी! माझा राग कुठल्या कुठं गेला. म्हटलं, "उद्या परत."

दुसऱ्या दिवशी कोपरा ओलांडला. चौथ्या दिवशी बाजार. यांचा पाय रबरी चटईवर दाबतच होता, पण आता दाबल्यावर हे स्वतःच पुटपुटायचे, "सोड."

आणि मग तो गुरुवार! सकाळी अकराची वेळ होती बाईंकडची. निघालो. पुलापर्यंत "सावकाश" ऐकू येत होतं. पुलानंतर येईनासं झालं. मला वाटलं, रुसले. सिग्नलला मान वळवून बघते तर काय, मान खिडकीला टेकलेली, तोंड उघडं, घोरतायत! भर दिवसा, भर रस्त्यात, माझ्या गाडीत! मी अशी बघत राहिले की सिग्नल हिरवा झालेला कळलाच नाही.

बाईंची खोली आली, पण थांबू कशी? थांबले तर उठतील! मी औषधाच्या दुकानाला वळसा घातला. परत आले. परत वळसा. तिसऱ्या फेरीला मोजेवाल्या बाई खिडकीत उभ्या. मी गालाखाली हात घेऊन झोपेची खूण केली. बाईंनी डोळे मोठे केले, दोन्ही हात तोंडावर ठेवले, आणि मग हवेत बोटानं मोठं वर्तुळ काढलं. चालू द्या, चालू द्या!

मग काय! नदीकाठ झाला, शाळेचा रस्ता झाला, आणि फिरत फिरत आले त्याच बाजाराजवळच्या गोल चौकात. एक स्कूटरवाला कुठून आला कोण जाणे, सरळ पुढ्यात घुसला. मी ब्रेक दाबला. कच्चकन! गाडी जागच्या जागी. यांची मान पुढं गेली, मागं आली. मी श्वास रोखून खाली बघितलं. मोज्यातलं पाऊल तसंच होतं, बाजूला कलंडलेलं, ढिलं. जरासुद्धा हललं नव्हतं. यांनी नुसते ओठ मिटले आणि परत घोरायला लागले.

मागून हॉर्नवर हॉर्न आणि मी स्टिअरिंग धरून रडतेय. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्या चौकात कुणीतरी दुसऱ्यानं ब्रेक दाबला होता. आणि ती मी होते, मी!

सव्वा तास चालवली. शेवटी पेट्रोलचा दिवा लागला म्हणून नाइलाजानं पंपावर थांबले. हे जागे झाले. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. "बाईंची वेळ टळली?"

"टळली."

पायाकडे बघितलं. बोटं हलवून पाहिली. "मी दाबला होता का मध्ये?"

"नाही," मी म्हटलं. "मी दाबला. गोल चौकात."

पेट्रोल भरून होईपर्यंत हे माझ्या हातावर हात ठेवून बसून राहिले. मी गाडी बाहेर काढली, घरच्या दिशेला वळायला लागले, तर म्हणाले, "घरी कशाला? मोठ्या रस्त्यानं घे." घेतली. रस्ता सगळा रिकामा, लांबच लांब. यांनी दुसरा बूटही काढला आणि पाय पसरले.

"अगं, किती सावकाश चालवतेस!" म्हणाले. "दाब की जरा!"

मी दाबला.