कडुलिंबाचा युरिया

आता मी साताऱ्यात शिकवते. एखाद्या पोराने लेबल न वाचता बाटलीत चमचा घातला की माझं डोकं सणकतं. माझ्या मागे पोरं मला काय म्हणतात तेही ठाऊक आहे. म्हणू देत. माझ्या टेबलावर एक जुनी प्लास्टिकची बरणी आहे, तिच्यात मी पेनं ठेवते. ती आण्णांनी आणलेली. आण्णा म्हणजे माझे वडील. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली.

कुंडलजवळ आमचा ऊस आणि थोडी द्राक्षबाग. मी सांगलीला पीएच.डी. करत होते. काम होतं हायड्रोजनमध्ये उरलेला कार्बन मोनॉक्साइड काढून टाकायचं. तो एवढासा राहिला तरी हायड्रोजनवर वीज करणाऱ्या सेलमधलं प्लॅटिनम निकामी होतं. तांबं आणि सिरियम ऑक्साइडची पूड त्याला जाळते, हायड्रोजनला फारसा हात लावत नाही. आण्णांना मी सांगितलं होतं, तांदळातले खडे काढायचे, तांदूळ सांडायचे नाहीत. "मग तुज्या आईलाच न्यायची की," म्हणाले होते.

पूड करायची रीत साधी. तांब्याचं आणि सिरियमचं नायट्रेट, त्यात युरिया, थोडं पाणी, आणि बशी तापलेल्या भट्टीत. ते उकळतं, फसफसतं, एकदम पेट घेतं आणि खाली हलकी काळपट पूड उरते. शेवटचे नमुने करायचे होते आणि नेमकी युरियाची बाटली संपली. नवी यायला पंधरा दिवस, आणि तपासणीच्या यंत्रावर माझी पाळी चार दिवसांवर. ती हुकली की सहा महिने गेले. घरात माझ्या लग्नाची घाई चाललेली. "तिचं पुरं हुईस्तवर कुणी तोंड उघडायचं न्हाई," असं आण्णांनी सगळ्या पाहुण्यांना बजावलेलं. त्यांच्याकडे आणखी सहा महिने कुठल्या तोंडाने मागायचे? मी घरी फोन लावला. शेतकऱ्याच्या घरी युरियाला काय तोटा.

दुसऱ्या दिवशी आण्णा पलूसहून एसटीने आले, आईने तीनदा धुतलेली लोणच्याची बरणी घेऊन. देताना म्हणाले, "बाळ, ह्यो कडुलिंबाचं त्याल लावल्याला हाय. पोत्यावर लिवलंय. चालतोय न्हवं?"

"आण्णा, युरिया तो युरिया," मी म्हणाले आणि बरणी घेऊन जिना चढले. त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

नमुने पार झोपले. जिथे कार्बन मोनॉक्साइड संपायला हवा होता तिथे तो निम्मासुद्धा जळेना. माझ्या मार्गदर्शक सरांनी बरणी उघडून वास घेतला आणि कपाळावर हात मारला. कडुलिंबाच्या तेलात गंधक असतं, आणि गंधक तांब्याला चिकटलं की ती पूड कामातून गेली. "कुणी आणला हा?" त्यांनी विचारलं.

"वडिलांनी, सर. त्यांना यातलं काही कळत नाही."

चुकून तोंडातून गेलं असं लिहिणार होते. खोटं आहे ते. मी विचार करून बोलले.

महिन्याभराने आण्णा द्राक्षांची पेटी घेऊन आले. सर मनाने चांगले, पण जिभेला हाड नाही. "काय काका, तुमच्या युरियानं पोरीचे सहा महिने खाल्ले की," हसत म्हणाले. आण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी बशी पुसत होते, ती पुसतच राहिले.

"चुकलं, साहेब," आण्णा म्हणाले. "अडाणी माणूस. आमाला काय कळतंय त्यातलं."

मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. वाटभर ते बागेच्या छाटणीचं बोलले. युरियाचा शब्द काढला नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी मीही काढला नाही.

सहा महिन्यांनी बाटलीतल्या युरियाचे नमुने केले, ते जमले. खुल्या तोंडी परीक्षेला आण्णा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून शेवटच्या बाकावर बसले होते. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, मधले नमुने का बिघडले? माझं उत्तर पाठ होतं, कच्चा माल अशुद्ध होता, एवढंच. सगळं इंग्रजीत चाललेलं, आणि ज्यातलं अक्षर कळत नव्हतं ते आण्णा मान पुढे काढून ऐकत होते. मग मी मराठीत बोलले.

"युरियाला कडुलिंबाचं तेल होतं, सर. वडिलांनी ते वाचून मला विचारलं होतं, चालेल का. मी ऐकलं नाही. आणि नंतर दोष त्यांच्यावर ढकलला."

सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. परीक्षकांनी पुढचा प्रश्न विचारला.

संपल्यावर मी आण्णांना कॅन्टीनला नेलं. ते बराच वेळ बशीतल्या चहावर फुंकर घालत बसले. "लय लोकांत बोललीस," म्हणाले. मग खाली बघतच, "मी इचारल्यालं तुज्या ध्यानात हुतं व्हय? मला वाटलं, घाईत इसरली आसंल. म्हणून गप बसलो."

"हुतं, आण्णा," मी म्हणाले. "तवाबी हुतं."

त्यांनी मान हलवली आणि बशी माझ्यापुढे सरकवली. "घे," म्हणाले, "निवलाय."