रिकाम्या मजल्यांवरचे दिवे

मी शिकलो तो दाणी सरांमुळे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं.

परवा गावी गेलो, तर सर आपल्या घराचा वरचा मजला उतरवत होते. सूतगिरणी बंद पडल्यापासून गाव ओसरत चाललंय. सरांचं म्हणणं साधं आहे : माणसं असतील तेवढंच घर असावं. खालच्या दोन खोल्या त्यांनी दवाखान्यातल्या नर्सबाईंना दिल्यात. एवढ्या रिकाम्या गावात त्यांना खोली मिळत नव्हती, कारण भाडेकरू ठेवला की घरमालकाला पैशांची गरज पडली असं दिसतं!

समोरच्या टपरीवरून अण्णा शेठ ओरडले, "मास्तर, लोक मजला चढवतात, तुम्ही उतरवताय? नातवाला पोरगी कोण देणार?"

सगळे हसले. अण्णांनी यंदा तिसरा मजला चढवलाय. तिथं राहतात कबुतरं. रोज तिन्हीसांजेला अण्णा धापा टाकत वर जातात, दिवा लावतात आणि खाली येऊन रस्त्यावरून तो बघत उभे राहतात. सारी गल्ली हेच करते. एका खोलीत सहा जण वाढलेला मी. पण असलं केविलवाणं दारिद्र्य आमच्याकडे नव्हतं.

निघताना सर हळूच म्हणाले, "सगळेच हसतायत रे. थांबवू का काम?"

परतल्यावर पत्र टाकलं :

"आदरणीय सर, काम थांबवू नका. रविवारी विटा उतरवायला मी येतोय. अण्णांना म्हणावं, बघायला खुर्ची घेऊन बसा."